गर्दीतली हजेरी

प्रकाशनाच्या कचेरीत त्यांना सगळे गर्दीमास्तर म्हणत. मास्तर ते कधीच नव्हते. शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी एकदा चालून आली होती, पण मुलांच्या गोंगाटाला घाबरून त्यांनी ती नाकारली. मात्र मुलांच्या पुस्तकात भरलेला बाजार, सर्कशीचा तंबू, रेल्वेचं स्टेशन किंवा नुकतीच सुटलेली शाळा काढायची असली की काम हमखास त्यांच्याकडे यायचं. इतर चित्रकार एक राजकन्या काढून मोकळे होत. दोनशे डोकी आणि चारशे हात काढत कोण बसणार? मास्तर बसत. तीस वर्षं बसले. पाठ कामातून गेली, पण एकासारखं दुसरं डोकं त्यांनी कधी काढलं नाही.

त्यामागची युक्ती साधी होती. चेहरा मनानं काढायचा नाही. मनानं काढलेली माणसं सगळी एकमेकांची भावंडं दिसतात आणि सगळ्यांना चित्रकाराचंच नाक येतं, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांचं नाक लांब आणि शेंड्याशी जरा वाकलेलं. ते अख्ख्या शहराच्या माथी मारणं त्यांना बरोबर वाटत नसे. म्हणून गर्दीतला एकूण एक माणूस ओळखीतला असायचा. खालच्या दुकानातला सायकलवाला, विजेचं मीटर बघायला येणारा, दातांचे डॉक्टर, सगळे कधी ना कधी चित्रात जाऊन आलेले. बायको तर तीस वर्षांत राणी झाली, बसची कंडक्टर झाली, तीनदा चेटकीण झाली आणि एकदा अस्वलाची आई झाली. चेटकिणीचं तिला काही वाटलं नाही. अस्वलाच्या आईवरून मात्र तिनं दोन दिवस अबोला धरला होता.

घर तळमजल्यावर, सायकलच्या दुकानामागे. कामाची खोली वर, चौदा पायऱ्या चढून. खोलीत उताराचं टेबल, खिडकीखाली रंगांचं कपाट आणि जुन्या शिवणयंत्राचं लाकडी झाकण उपडं करून ठेवलेलं. त्या झाकणात फोटो असत. घरचे, दारचे, मेलेले, जिवंत, सगळे एकत्र.

चित्र पुरं झालं की प्रकाशकाकडे जाण्याआधी ते खाली आत्याकडे जायचं. आत्यानंच मास्तरांना लहानाचं मोठं केलं होतं. आई बाळंतपणात गेली, वडील दुसऱ्या शहरात नोकरीला गेले ते तिकडचेच झाले, आणि आत्या लग्नाचं नाव न काढता भाच्याला घेऊन बसली. आता तिचं वय ब्याऐंशी. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं करायला तयार नाही. हातात भिंग घेऊन ती चित्रावर ओणवी व्हायची आणि एकेक चेहरा ओळखून नाव घ्यायची. याला घरात हजेरी म्हणत. ओळखू आला नाही तर चेहरा नापास. मग मास्तर निमूटपणे वर जायचे आणि पुन्हा काढायचे. संपादकांनी चित्र परत पाठवलं तर ते वाद घालत, आत्यानं परत पाठवलं तर नाही.

आता ज्या पुस्तकावरून ही गोष्ट घडली, ते पुस्तक कशाचं, हे सांगायला हवं. कारण शहरातल्या शाळांनी ते कधी सांगितलेलं नाही.

शहराच्या मधून कालवा जातो. कालव्यापलीकडे आज गोदामं आहेत आणि मोटारी धुवायची एक जागा आहे. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी तिथं वस्ती होती, काळ्या कातडीच्या माणसांची. त्यांचे पणजे वीटभट्ट्यांवर राबायला आणलेले. पुढच्या पिढ्यांनी भट्ट्या सोडल्या, बेकऱ्या काढल्या, शिंपीकामाची दुकानं टाकली, स्वतःची शाळा बांधली. कालव्याअलीकडच्यांच्या डोळ्यांत खुपलं ते हेच. मग एका दुपारी अफवा उठली, की वस्तीतल्या कुणीतरी अलीकडच्या एका मुलीचा हात धरला. ती मुलगी कोण, हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही. पण दिवस मावळेपर्यंत कालव्यापलीकडे एक छप्पर जळायचं उरलं नव्हतं. माणसं किती मेली, त्याची नोंद नाही. शहराच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ आहे. त्यात पाण्याच्या टाकीला चार पानं दिली आहेत आणि त्या दुपारला एक ओळ नाही. अशा ग्रंथाचं काय करावं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आमच्या मते तो दाराला अडसर म्हणून बरा.

पुस्तक लिहिणाऱ्या बाई एका शाळेत ग्रंथपाल होत्या. त्यांची आजी त्या वस्तीतली. आजीनं सांगितलेलंच त्यांनी लिहिलं होतं, लहान मुलांना झेपेल अशा बेतानं. बेकरीवाल्याची मुलगी पळताना पावाच्या पिठाचं घमेलं उचलते. का, ते तिलाही कळत नाही. वाटभर फडक्याखाली पीठ फुगत राहतं. दुसऱ्या गावी कुणीतरी आपली भट्टी उघडून देतं आणि वस्तीतली वाचलेली माणसं तो पाव खातात. एवढीच गोष्ट. मधोमध समोरासमोरच्या दोन पानांचं एक जोडपान होतं, पुलावरून येणाऱ्या जमावाचं. त्यासाठीच मास्तरांना बोलावणं आलं.

संपादक सज्जन होते, आणि सज्जन माणसांना मुलं घाबरतील याची फार धास्ती असते. ते म्हणाले, "गर्दी पाठमोरी काढा. चेहरे नकोत." मास्तरांना काय, पाठमोरी तर पाठमोरी. पाठी काढायला निम्मा वेळ लागतो. त्यांनी कच्चं चित्र केलं आणि बाई ते बघायला चौदा पायऱ्या चढून वर आल्या. त्या टेबलापाशी येऊन चित्रावर वाकल्या.

"तुम्ही कुठं उभं राहून काढलंय हे?" त्यांनी विचारलं.

मास्तरांना प्रश्न कळला नाही.

"पाठ कुणाला दिसेल? त्यांच्या मागून चालणाऱ्याला," बाई म्हणाल्या. "माझ्या आजीला पाठी दिसल्या नव्हत्या. ते तिच्याकडे तोंड करून आले होते. चेहरे तिच्या ओळखीचे होते. रोज पाव न्यायला यायचे."

मास्तर वरमले. तीस वर्षांच्या कामात त्यांना असं कुणी पकडलं नव्हतं. ते म्हणाले, "बाई, पुन्हा काढतो."

पण काढायचे कुणाचे चेहरे? इथं त्यांची गाडी अडली. सायकलवाल्याला त्यांनी घेऊन पाहिला, पण रोज ज्याच्याशी दोन गोष्टी बोलायच्या त्याच्या हातात पेटता बोळा द्यायला हात धजेना. मीटरवाला चांगला माणूस, दातांचे डॉक्टर त्याहून चांगले. शेवटी त्यांनी तोड काढली, की जिवंत कुणी घ्यायचा नाही. मेलेला माणूस तक्रार घेऊन येत नाही. झाकणातले जुने फोटो उपसून त्यांनी माणसं निवडली: त्या काळचा न्हावी, टपालवाला, चष्मे विकणारा, आणि आजोबा.

आजोबा निवडले ते फोटोसाठी. घरच्या सगळ्यांचा एकत्र काढलेला एक फोटो होता. त्यात सगळे ताठ उभे आणि आजोबा तेवढे रांगेबाहेर आलेले, हात वर, तोंड उघडं. सरळ उभे राहा म्हणून ते सगळ्यांना दटावत होते आणि फोटोवाल्यानं तेवढ्यात कळ दाबली. जमावात पुढं असाच एक माणूस हवा होता. यापलीकडे मास्तरांच्या मनात काडीचं काही नव्हतं. आजोबांवर त्यांचा जीव होता. नऊ वर्षांचे होईपर्यंत ते आजोबांच्या कुशीत झोपले. पहिली पेन्सिल त्यांनीच हातात दिली होती, वस्तऱ्यानं टोक काढून.

चित्र पुरं झालं आणि रविवारी सकाळी हजेरीला खाली गेलं.

आत्यानं भिंग घेतलं. "हा न्हावी. कान सोलून काढायचा मेला. हा टपालवाला. याचं बरं नाक काढलंस. हा चष्मेवाला, आणि हा त्याचा मेव्हणा, बरोबर?"

"बरोबर."

"सगळे मेलेलेच भरलेस की रे बाळ्या." मास्तर छप्पन्न वर्षांचे झाले तरी आत्याला ते बाळ्याच होते. "कशाचं चित्र म्हणायचं हे?"

मास्तरांनी सांगितलं. कालवा, पूल, ती दुपार. भिंग पुढं सरकलं आणि डावीकडून तिसऱ्या माणसावर थांबलं. थांबलं ते हलेचना.

"तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

"काय?"

"बाबा तिथं होते ते."

"मला कुणी काही नाही सांगितलं, आत्या. फोटोतला हात बरा वाटला म्हणून घेतले."

आत्यानं भिंग चित्रावरच ठेवलं, काठी घेतली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दुपारी जेवायला आली नाही. संध्याकाळी आली तेव्हा भाजीत मीठ कमी आहे, एवढंच बोलली. मीठ बरोबर होतं.

पुढचे दोन दिवस मास्तरांनी नुसते बसून काढले. राग कुणावर धरावा, हेही त्यांना ठरवता येईना. मेलेल्या आजोबांवर धरायचा तर वस्तऱ्यानं टोक काढणारे ते हात डोळ्यांसमोर यायचे. बायको म्हणाली, "अहो, तुमचे ते आजोबा होते, तिचे बाप होते. काढून टाका तो चेहरा. पुस्तक कुठं अडतंय त्याच्यावाचून?" आणि खरंच होतं ते. जमावात सत्तावन्न माणसं होती. एक बदलला तर कुणाला पत्ता लागणार होता?

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी पांढऱ्या रंगानं आजोबांचं तोंड झाकलं. वाळल्यावर त्यावर नवा माणूस काढायला घेतला. फोटो बघायची हिंमत नव्हती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मनानं काढला. गोल चेहरा, मिशा, बारीक डोळे. काढून झाल्यावर मागं सरून बघतात तर त्या अनोळखी माणसाला लांब नाक होतं, शेंड्याशी वाकलेलं. मास्तरांनी पुन्हा पांढरा रंग लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रंग इतका जाड झाला, की कागदाला पोक आलं. ते ब्रश धुऊन नुसते बसून राहिले. त्यांना रडू आलं, आणि ते रडले.

चौथ्या दिवशी सकाळी जिन्यात काठी वाजली. आत्या सहा वर्षांत वर चढली नव्हती. एकेका पायरीवर दम घेत ती आली, खुर्चीत बसली आणि पहिलं काय केलं, तर चित्रावर वाकून त्या पांढऱ्या ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"पुसलास?"

"तुला त्रास होतो म्हणून."

"माझ्या त्रासाला काय झालंय." ती थोडा वेळ श्वास घेत राहिली. "ऐक आता. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला परत जमायचं नाही. आपलं दुकान होतं ना, मागच्या खोलीत रॉकेलचं पिंप असायचं. डबे भरायचे तेव्हा नरसाळं मी धरायची. ते माझंच काम. इतर कुणी धरलं तर सांडायचं. त्या दिवशी दुपारी बाबा आत आले. भर म्हणाले. मी म्हटलं, गिऱ्हाईक कोण आहे? तर काही बोलले नाहीत. दारात आणखी माणसं उभी होती, रिकामे डबे घेऊन. आम्ही नऊ डबे भरले. मी एक थेंब सांडला नाही. बाबांनी डोक्यावर हात ठेवला. शाबास म्हणाले."

मास्तरांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"नंतर धूर यायला लागला, तर आईनं खिडक्या लावून घेतल्या. बाबा अंधार पडायच्या आत परत आले. हात धुतले, जेवले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. घरात कुणी अक्षर बोललं नाही. नंतरही नाही, कधीच नाही. तुला मी वाढवला, तुला तरी कुठं सांगितलं?" तिनं पदरानं नव्हे, तळहातानंच तोंड पुसलं. "मला काय कळत होतं? आठ वर्षांची पोर मी. मला काय कळत होतं?"

ते वाक्य ती आणखी एकदा म्हणाली. मग उठायला लागली आणि उठता उठता म्हणाली, "बाबांना परत काढ. आणि मलाही काढ. नरसाळ्यासकट."

मास्तरांनी ते लगेच काढलं नाही. पुस्तक काही त्यांच्या घरचं नव्हतं. त्यांनी बाईंना निरोप पाठवला आणि आत्याच्या समोरच सगळं सांगितलं. बाई उभ्याच राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण शब्द कोरडे होते.

"हे पुस्तक माझ्या आजीचं आहे. तुमच्या आत्यांना हलकं वाटावं म्हणून मी त्यात जागा देऊ शकत नाही."

"हलकं वाटायला नकोच आहे," आत्या म्हणाली. "तुमची ती मुलगी घमेलं घेऊन पळाली. का पळावं लागलं, ते चित्रात नको का? रॉकेल काय आकाशातून पडलं?"

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी आत्याच्या हातांकडे बघितलं. मग विचारलं, "डबे भरताना तुम्ही रडत होतात का?"

"नाही."

"घाबरला होतात?"

"नाही. खूश होते. शाबासकी मिळाली होती."

"मग तशीच काढा," बाई मास्तरांना म्हणाल्या. "खूश. आताचा पश्चात्ताप तेव्हाच्या तोंडावर फासू नका. त्या दिवशी आमच्यासाठी तुमच्याकडचं कुणी रडलं नव्हतं."

आत्यानं मान हलवली. चहा केलेला होता, तो बाईंनी घेतला नाही. जाताना मात्र त्या जिन्याच्या तोंडाशी थांबल्या आणि पायऱ्या अंधाऱ्या आहेत, आत्यांना एकट्यानं चढू देऊ नका, असं सांगून गेल्या.

मास्तरांनी नवा कागद घेतला आणि सगळं जोडपान पहिल्यापासून काढलं. आजोबा जिथल्या तिथं, हात वर. उजव्या कोपऱ्यात दुकानाचं मागचं दार आणि दारात मुलगी. आत्या स्वयंपाकघरातलं नरसाळं घेऊन रोज तासभर समोर बसायची. ब्याऐंशी वर्षांचे ते हात बघून मास्तर आठ वर्षांचे हात काढत. आठ वर्षांच्या आत्याचा फोटो कुठंच नव्हता, तेव्हा चेहरा मनानंच काढावा लागला. नाक आपोआप आलं. या खेपेला ते बरोबर होतं, कारण तिचंही तेच. हजेरीला आत्यानं भिंग धरून स्वतःला खूप वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "वेणी एक होती, दोन नव्हत्या." एवढी एक दुरुस्ती.

संपादकांनी कपाळाला आठ्या घातल्या, दोन पत्रं लिहिली आणि शेवटी छापलं. पुस्तक आलं, तेव्हा बाईंनी आपल्या शाळेच्या ग्रंथालयात वाचन ठेवलं. मास्तरांना बोलावलं आणि आत्यालाही. गोंगाटाच्या भीतीनं मास्तर दाराजवळची खुर्ची धरून बसले. गोंगाट झालाच नाही. तीसेक मुलं चटईवर बसली होती, काही बाईंच्या रंगाची, काही मास्तरांच्या. बाईंनी गोष्ट वाचली. पाव भाजून झाला तेव्हा पोरांनी सुटकेचा श्वास टाकला. मग सगळी पुस्तकांवर पडली आणि गर्दीतला एकेक माणूस बोट लावून बघू लागली. ही कोण, हा कुणाचा, याच्या हातात काय आहे. मास्तरांना ती हजेरी ओळखीची वाटली. एकानं आजोबांवर बोट ठेवून हा सगळ्यांत रागीट म्हटलं, तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

गुडघ्याला पट्टी लावलेली एक मुलगी पुस्तक घेऊन उठली आणि बाईंजवळ गेली. बोट उजव्या कोपऱ्यावर होतं.

"ही हसतेय," ती म्हणाली. "डबे कशाला भरतायत, ते हिला माहीत होतं का?"

बाईंनी आत्याकडे बघितलं. आत्याची काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर गेली.

"लहान होती ती, बाळ," आत्या म्हणाली. "आठ वर्षांची."

मुलीनं चित्राकडे बघितलं आणि मग आत्याकडे. "मी पण आठची आहे," ती म्हणाली. "मला कळलं असतं."

मास्तर अर्धवट उठले. काहीतरी बोलावं, मध्ये पडावं, असं त्यांना वाटलं. आत्यानं हातानंच त्यांना खाली बसवलं.

"हो," ती म्हणाली. "मलाही कळलं होतं."